मधमाश्या दाराबाहेर का बसतात?

मधमाशी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दोनच चित्रे येतात. एक शाळेच्या पुस्तकातले : उद्योगी, शिस्तप्रिय, दिवसभर फुलाफुलांवर हिंडणारी माशी. दुसरे वर्तमानपत्रातले : आग्या मोहोळ उठले आणि लग्नाचे वऱ्हाड पळत सुटले. काही न करता नुसती बसून राहिलेली मधमाशी मात्र सहसा कोणाच्या ओळखीची नसते. तरीही उन्हाळ्याच्या संध्याकाळी मधपेटीपुढे उभे राहिल्यास हेच दृश्य दिसते. दाराच्या फटीतून माश्या एकामागून एक बाहेर येतात, पेटीच्या दर्शनी भिंतीवर पसरतात, एकमेकींच्या पायांत पाय अडकवतात आणि पाहता पाहता त्यांचा वीतभर लांबीचा तपकिरी घोस दाराखाली लोंबू लागतो. इंग्रजीत ह्या प्रकाराला दाढी येणे म्हणतात. शब्द चपखल आहे. पेटीला खरोखरच हनुवटी फुटल्यासारखी दिसते.

ह्या माश्या आत का जात नाहीत, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा असता तर मी तो प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर सोपवला असता. मी कलाशाखेत आहे. परंतु आमच्या घणसोली गावात ह्याच प्रश्नावरून एक पेटी जाळली जाण्याची वेळ आली होती, म्हणून त्याचे उत्तर शोधणे भाग पडले.

ज्यांनी घणसोली केवळ ठाणे-वाशी लोकलच्या खिडकीतून पाहिली आहे, त्यांना तेथे एक जुने गाव आहे हे कदाचित ठाऊक नसेल. एका बाजूला पारसिकची डोंगररांग, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी, आणि मध्ये कारखाने, कचेऱ्या, सेक्टर व मनोरे ह्यांच्या गराड्यात आमचे गाव. १९७० साली सिडको आली, भातशेती गेली, आणि कौलारू घरांच्या जागी भिंतीला भिंत लावून तीन-तीन चार-चार मजले उभे राहिले. आता दोन घरांमधून छत्री उघडून जाता येत नाही अशा आमच्या गल्ल्या आहेत. अशाच एका गल्लीतील एका काकांनी निवृत्तीनंतर गच्चीवर सातेरी माश्यांची एक पेटी ठेवली. गावात माश्यांना खायला काय मिळते, असे पुष्कळांनी विचारले. शेवगा, नारळ, चिंच, जांभूळ, लोकांच्या कुंड्यांतली तुळस, आणि खाडीकाठी मैलोगणती पसरलेले तिवराचे रान. तिवराची पिवळसर बारीक फुले आपण पाहतही नाही, माश्या पाहतात.

गेल्या एप्रिलच्या अखेरीस एका संध्याकाळी त्या पेटीला दाढी आली. शेजारच्या गच्चीवर कपडे काढायला आलेल्या वहिनींनी ती पाहिली व आरडाओरडा केला. अर्ध्या तासात गल्ली जमली. कोणी म्हणाले, माश्या खवळल्या आहेत. कोणी म्हणाले, पेटीत जागा उरली नाही, आता त्या घराघरांत शिरणार. गल्लीत लहान मुले, एक दमेकरी आजोबा. लोकांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. बांबूला बोळा गुंडाळून आणलाही गेला. "काका, नाहीतर पेटी गावाबाहेर न्या," असे एकाने समजुतीच्या सुरात सुचवले. त्यावर काका म्हणाले, "गावाला आता बाहेर उरलाय कुठे?" ह्या प्रश्नाला कोणापाशीच उत्तर नव्हते. शेवटी आठ दिवसांची मुदत मिळाली. त्या आठ दिवसांत जे वाचले, विचारले आणि गच्चीवर बसून पाहिले, ते पुढे देत आहे.

प्रथम पेटीच्या आतली गोष्ट. मधमाशी एकटी असताना थंड रक्ताची, म्हणजे हवेबरोबर तापणारी व निवणारी असते; परंतु वसाहत म्हणून ती उष्ण रक्ताच्या प्राण्यासारखी वागते. पोळ्याच्या ज्या भागात अंडी, अळ्या आणि कोष असतात त्या भागाचे तापमान ती वर्षभर ३३ ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, बहुतेक वेळा ३५ च्या आसपास राखते. हा आकडा आपल्या शरीराच्या तापमानाच्या जवळचा आहे, आणि त्यात थोडीशी चूकही महाग पडते. जर्मनीतील युर्गेन टाऊट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली कोषावस्थेतील माश्या वेगवेगळ्या तापमानांत वाढवून पाहिल्या. ३२ अंशांत वाढलेल्या माश्या दिसायला निरोगी होत्या. पण ३६ अंशांत वाढलेल्यांच्या तुलनेत त्यांचे शिकणे व आठवण ठेवणे कच्चे निघाले आणि अन्नाची दिशा सांगणारे नृत्यही त्या कमी करीत. तापमान फार वाढले तर अळ्या व कोष विकृत होतात वा मरतात. शिवाय मेणाचा प्रश्न आहे. मेण वितळते ६२ ते ६४ अंशांना, पण त्याच्या पुष्कळ आधीच ते मऊ पडू लागते, आणि मधाने जड झालेले पोळे स्वतःच्याच वजनाने खाली बसू शकते.

थंडी पडली तर उपाय सोपा आहे. माश्या दाटीवाटीने बसतात आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात. उष्णता वाढली म्हणजे काम अवघड होते, कारण जिवंत शरीराला उष्णता निर्माण करणे थांबवता येत नाही. पेटीतील हजारो माश्या म्हणजे हजारो लहान शेगड्याच. तेव्हा त्या तीन गोष्टी करतात : वारा घालतात, पाणी शिंपडतात आणि गर्दी कमी करतात. दाढी ही तिसरी गोष्ट होय.

वारा घालणाऱ्या माश्या दारात पाय रोवून उभ्या राहतात आणि जागच्या जागी पंख फिरवतात. येथे आपल्या देशी माशीचे एक वैशिष्ट्य सांगण्यासारखे आहे. युरोपीय मेलिफेरा माशी तोंड दाराकडे करून उभी राहते व आतली ऊन हवा बाहेर ओढते. सातेरी माशी तोंड बाहेर व पाठ दाराकडे करते आणि बाहेरची हवा आत ढकलते. मी हे वाचले तेव्हा विश्वास बसला नाही, म्हणून गच्चीवर पालथे पडून पाहिले. सगळ्यांची तोंडे माझ्याकडे होती. एकच काम दोन बहिणींनी उलट बाजूंनी करावे, ह्याची मला मोठी गंमत वाटली.

आता दारात उभे राहून वारा घाला असा हुकूम कोण देते? कोणीच नाही. राणी नावाची राणी आहे, ती अंडी घालते. राज्यकारभार पाहत नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००४ साली ह्यावर मार्मिक प्रकाश टाकला. राणी आपल्या उड्डाणात अनेक नरांशी संयोग करते, म्हणून एका पेटीतील माश्या एकाच आईच्या पण वेगवेगळ्या बापांच्या लेकी असतात. एका बापाच्या लेकी थोडे उकडू लागताच पंख चालवतात, दुसऱ्याच्या लेकींना आणखी तापावे लागते. त्यामुळे सगळ्या एकदम सुरू होत नाहीत आणि एकदम थांबतही नाहीत. जसजसे उकडेल तसतसे वारा घालणाऱ्यांचे संख्याबळ वाढते. एकाच बापाच्या लेकी असलेल्या वसाहतींत तापमान अधिक चढउतार करते, असे त्यांना आढळले. आमच्या घरात वडिलांना पंखा नको असतो तेव्हा आईला तो पाचवर हवा असतो. हाच मतभेद माश्यांच्या संसारात उपयोगी पडतो असे दिसते.

दुसरा उपाय पाण्याचा. काही माश्या मध सोडून पाणी आणू लागतात. ते थेंब पोळ्याच्या खान्यांवर पसरले जातात, वाऱ्याने उडतात, आणि उडताना उष्णता घेऊन जातात. माठ गार राहतो तो ह्याच नियमाने. मार्टिन लिंडाऊर हे कार्ल फॉन फ्रिश ह्यांचे शिष्य (फ्रिश ह्यांना माश्यांची नृत्यभाषा उलगडल्याबद्दल १९७३ चे नोबेल पारितोषिक वाटून मिळाले). लिंडाऊर ह्यांनी इटलीत ज्वालामुखीच्या काळ्या लाव्हारसाच्या खडकाळ जमिनीवर भर उन्हात पेटी ठेवली. तेथील तापमान ६० अंशांच्या आसपास गेले. पण पाणी मिळत होते तोवर पोळे ३५ अंशांच्या जवळच राहिले.

मग घणसोलीत काय बिघडले? आमचा पारा ६० काय, ४० लाही क्वचित पोहोचतो. विदर्भात ४५ अंश होतात. मनुष्याला विचारले तरी नागपूरकर म्हणेल, "तुमच्या मुंबईकडे ऊन कमी पण जीव जास्त जातो." हे कोडे मला भूगोलाच्या तासामुळे सुटले. सापेक्ष आर्द्रता ह्या विषयावरची टिपणे मी केवळ परीक्षेपुरती उतरवून घेतली होती. त्यांचा मधमाशीशी संबंध असेल हे ध्यानीमनीही नव्हते.

हवा ठरावीक तापमानाला ठरावीकच बाष्प सामावून घेऊ शकते. विदर्भातील मे महिन्याची हवा कोरडी असते, ती पाणी अधाशासारखी पिते. तेथे थेंब झपाट्याने उडतो व भरपूर गारवा देतो. खाडीकाठची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. थेंब रेंगाळतो आणि गारवाही रेंगाळतो. आपला घाम वाळत नाही तेव्हा आपणही हाच अनुभव घेत असतो. त्यात दुसरी अडचण अशी की, आमच्याकडे दुपारी बाहेरची हवाच ३४-३५ अंशांची असते. जितके तापमान पोळ्यात हवे तितकेच बाहेर आहे. मग नुसता वारा घालून काय साधणार? आतल्या हजारो शरीरांची उष्णता त्यावर भर घालते. आणि मधाचा हंगाम असेल तर आणखी एक ओझे : फुलातून आणलेल्या रसात पाण्याचा अंश पुष्कळ, बहुधा निम्म्याहून अधिक, असतो, तो उडवून पाचव्या हिश्शाच्या आसपास आणल्याशिवाय मध टिकत नाही. ते सारे बाष्प पेटीतच सुटते.

अशा वेळी एकच गोष्ट हातात उरते. ज्यांना आत काम नाही त्यांनी बाहेर जावे. त्या बाहेर गेल्या की त्यांच्या शरीराची उष्णता बाहेर जाते आणि चौकटींमधल्या वाटा मोकळ्या होऊन वारा खेळतो. बाहेर बसलेल्या माश्या आळशी नसतात की खवळलेल्या नसतात; त्या आतल्या बाळांसाठी जागा करून देत असतात. पूर्वी उन्हाळ्यात आमच्या गावात पुरुषमंडळी ओट्यावर अंथरूण टाकीत आणि बाळंतीण व तान्ही मुले आत पंख्याखाली असत. ओट्यावर निजलेल्या माणसांना पाहून कोणी घर फुटले असे म्हणत नसे.

हे संध्याकाळीच का होते, तेही आता उलगडते. दिवसा वसाहतीतील प्रौढ माश्यांचा मोठा हिस्सा कामावर असतो. दिवेलागणीला सगळ्या परततात आणि पेटी भरून जाते. समुद्रावरून येणारा वारा पडतो. आणि काकांची पेटी ठेवली होती ती उघड्या सिमेंटच्या गच्चीवर, विटांच्या दोन थरांवर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत खालून शेकत राहतो. लिंडाऊर ह्यांच्या लाव्हारसाची आठवण व्हावी अशीच ही जागा.

अर्थात प्रत्येक घोळका उकाड्याचाच असेल असे नाही, आणि येथेच ओळख पटवणे महत्त्वाचे. पेटीत गर्दी फार झाली की वसाहत फुटते. जुनी राणी निम्म्या माश्यांसह नवे घर शोधायला निघते. तिची तयारी चालू असतानाही माश्या दारात जमतात. परंतु खरा थवा निघतो तो बहुधा भर दिवसा, उबदार उन्हात, मोठ्या गुणगुणाटासह, आणि हवेत गरगर फिरून जवळच्या फांदीवर जाऊन बसतो. उकाड्याची दाढी संध्याकाळी वाढते, रात्री शांत लोंबते आणि पहाटेच्या गारव्याला आपोआप आत जाते. शंका असल्यास चौकट उचलून पाहावी. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबती राणीघरे दिसली तर वसाहत फुटण्याच्या बेतात आहे. काकांनी सकाळी पेटी उघडली; राणीघर एकही नव्हते. थवा निघालाच तरी त्याला फार भिण्याचे कारण नाही, हेही सांगितले पाहिजे. राखायला मध नाही, पिल्ले नाहीत. थव्यातली माशी सहसा सौम्य असते.

दारात माश्या जमण्याचे आणखी एक कारण गांधीलमाशी. ती पेटीपुढे घिरट्या घालून एकेक माशी उचलते. सातेरी माश्या तेव्हा दारात दाट बसतात व एका लयीत शरीर हलवतात. लाट फिरल्यासारखी दिसते. त्यातूनही गांधीलमाशी पुढे आलीच तर शेकडो माश्या तिच्यावर तुटून पडतात आणि तिला चेंडूत कोंडतात. डंखाने नव्हे, उष्णतेने मारतात. जपानमध्ये सातेरीच्याच जातीच्या माश्यांवर झालेल्या व १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेंडूच्या आतले तापमान सुमारे ४७ अंश भरले. तेथील राक्षसी गांधीलमाशी ४४ ते ४६ अंशांत मरते, मधमाशी ४८ ते ५० पर्यंत तग धरते. दोन-तीन अंशांच्या फटीत सगळे युद्ध! ज्या उष्णतेपासून त्या पिल्लांना वाचवतात तीच वेळ आल्यावर शस्त्र म्हणून वापरतात.

आठ दिवसांच्या मुदतीत जे उपाय केले ते असे. पेटी स्लॅबवरून उचलून गुडघाभर उंचीच्या लाकडी घोडीवर, पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला ठेवली, म्हणजे दुपारनंतर तिच्यावर सावली येते. वर बांबूची चटई व तिच्यावर गोणपाट. जवळच परातीत पाणी आणि त्यात खडे, म्हणजे माश्या बुडत नाहीत. शिवाय पाण्यासाठी त्या शेजाऱ्यांच्या नळावर जात नाहीत, ही भांडणे मिटवण्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी गोष्ट ठरली. झाकणाखाली काडीइतकी फट ठेवून वरची गरम हवा सुटायला वाट दिली. दाराचे तोंड शेजारच्या गच्चीकडून वळवून खाडीकडे केले. मात्र एकदम नव्हे, रोज थोडे थोडे, नाहीतर परतणाऱ्या माश्या गोंधळतात. गल्लीला एकच विनंती केली : रात्री त्या बाजूचा मोठा दिवा लावू नये, कारण बाहेर बसलेली माशी अंधारात उजेडाकडे झेपावते, आणि घोसावर पाणी वा धूर मारू नये. वीतभर असणारी दाढी चार बोटांवर आली. अगदी वारा पडलेल्या रात्री ती पुन्हा वाढे. पण तोपर्यंत वहिनीच शेजारणींना "त्यांना उकडतंय" असे सांगू लागल्या होत्या. पाऊस सुरू झाल्यावर दार मोकळे झाले. पेटी अजून गच्चीवर आहे.

आग्या माशीची गोष्ट निराळी, आणि तिची गल्लत सातेरीशी करता कामा नये. आमच्या आसपासच्या उंच इमारतींच्या सज्जाखाली व पाण्याच्या टाक्यांना जी मोठाली अर्धवर्तुळाकार पोळी लोंबतात ती आग्याची. तिला घरच नाही, तेव्हा दाराबाहेर बसण्याचा प्रश्नही नाही. ती सदैव बाहेरच बसलेली असते. एकच उघडे पोळे, आणि त्यावर स्वतःच्या शरीरांचे अनेक पदरी पांघरूण. डोके वर, पोट खाली, कौलांसारख्या एकीवर एक. पाऊस आला तर ह्याच कौलांवरून पाणी ओघळते. काही वेळा हजारो माश्या एकदम उडतात, पाच-एक मिनिटे हवेत राहतात, विष्ठा टाकतात आणि परत येतात. खाली उभ्या मोटारींवर व वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडतात. १९८९ साली मार्दान व केवन ह्या संशोधकांनी दाखवले की ह्या उड्डाणाने माश्या शरीरातील उष्णताही टाकून देतात, म्हणजे हा देखील गारवा मिळवण्याचाच प्रकार. ह्याच पिवळ्या ठिपक्यांनी एकेकाळी जागतिक राजकारण ढवळले होते. १९८१ साली अमेरिकेने आग्नेय आशियात रशियाच्या मदतीने विषारी 'पिवळा पाऊस' पाडला जातो असा आरोप केला. शास्त्रज्ञ थायलंडच्या जंगलात गेले तेव्हा १९८४ मध्ये त्यांच्याच अंगावर तो पडला, आणि ती माश्यांची विष्ठा होती.

आग्याला मात्र जवळ जाऊन न्याहाळू नये. तिचा डंख जिवावर बेतू शकतो, आणि पोळे रहदारीच्या जागी असेल तर जाणकार माणसाकडून, रात्री, माश्या न मारता हलवून घ्यावे. एका गृहसंकुलात औषध फवारले तेव्हा सकाळी जिन्यात सुपाने भराव्यात इतक्या माश्या पडल्या होत्या, आणि पुढच्या हंगामात पोळे त्याच सज्जाला पुन्हा लागले. आग्या फिरस्ती आहे. हंगाम बदलला की वसाहत उठून दूर जाते आणि काही महिन्यांनी परतते. आसामात झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात राण्यांची जनुकीय ओळख पटवून पाहिले, तर तीच वसाहत आपल्या जुन्याच जागी परत आलेली आढळली. कामकरी माशीचे आयुष्य काही आठवड्यांचे, फार तर काही महिन्यांचे. म्हणजे गेलेल्यांपैकी परतलेल्यांत बहुतेक नव्याच असणार. तरी त्या बरोबर त्याच सज्जाखाली येतात.